पुष्टकाळ तोंडावर आला: दूध कुणाला घालायचं ते दिवाळीआधी ठरवा

गौरी-गणपती झाले की आपल्या भागातल्या गोठ्यांत दूध वाढायला लागतं. पावसाळ्यात व्यायलेल्या म्हशी भरात येतात, बांधावर हिरवी वैरण असते, पुढे साखर कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पानं, येतं. इथून फेब्रुवारीपर्यंत पुष्टकाळ. मार्चनंतर गोठा तापतो, वैरण संपते, दूध घटतं, तो कृशकाळ. दुधाचा दर या दोन काळांत वेगवेगळा चालतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात आणखी एक पेच असतो. एका बाजूला गावची दूध सोसायटी, जिचं दूध जिल्हा संघामार्फत 'नंदिनी'कडे, म्हणजे कर्नाटकच्या दूध महासंघाकडे जातं. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या सहकारी आणि खासगी डेअऱ्यांचं संकलन. कुणाला दूध घालायचं हे बहुतेक घरांत मे महिन्यातला दर बघून ठरतं. माझं सांगणं एवढंच, की हा निर्णय आता, पुष्टकाळ सुरू होताना घ्या, आणि तो बारा महिन्यांच्या हिशोबावर घ्या.

आधी एक शंका मिटवतो. सीमेपलीकडच्या डेअरीला दूध घालणं बेकायदा आहे का, असं अनेकजण दबक्या आवाजात विचारतात. नाही. १९९२ साली केंद्र सरकारने दूध आणि दुग्धपदार्थ आदेश काढला होता. त्यात मोठ्या डेअऱ्यांना दूध गोळा करायला ठरावीक क्षेत्र नेमून दिलेलं असे. २००२ मध्ये ती क्षेत्राची अट काढून टाकली आणि २०११ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचे नियम आले, तसा तो आदेशच संपला. आज दुधाच्या दर्जावर नियम आहेत, शेतकऱ्याने दूध कुणाला विकावं यावर नाहीत. पण याला दुसरी बाजूही आहे. दूध हे हमीभावाच्या यादीतलं पीक नाही. उसाला एफआरपी असते, तसा दुधाला कायद्याने बांधलेला किमान दर नाही. दर संघ किंवा डेअरी ठरवते, आणि त्यात सरकार मध्ये पडलं तर अनुदानापुरतं.

मग पुष्टकाळात दर का पडतो? शहरातली पिशवीबंद दुधाची विक्री वर्षभर जवळपास सारखीच असते. सणात थोडी वाढते, एवढंच. पुष्टकाळात जे जादा दूध येतं, ते पिशवीत खपत नाही. त्याची पावडर आणि लोणी होतं. गायीच्या १०० किलो दुधात साधारण साडेतीन किलो फॅट आणि साडेआठ किलो एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, असतं. हे एसएनएफ म्हणजेच पुढे पावडर. आता पावडरचा भाव किलोमागे ५० रुपयांनी उतरला तर १०० किलो दुधामागे सव्वाचारशे रुपये कमी झाले, म्हणजे किलोला चार-सव्वाचार रुपये. ज्या डेअरीचा धंदा मुख्यतः पावडरवर आहे, ती हा तोटा स्वतः सोसत नाही, तुमच्या दरातून कापते. ज्या संघाची पिशवीची विक्री मोठी आहे, त्याला थोडा दम धरता येतो. कर्नाटकात शाळेतल्या मुलांना दूध देणारी क्षीरभाग्य योजना २०१३ पासून चालू आहे, तिथेही पावडर खपते. त्यामुळे संकलनवाल्याला नुसता आजचा दर विचारू नका. तुमचं किती दूध पिशवीतून विकलं जातं आणि किती वाळवलं जातं, हे विचारा. जो नीट उत्तर देईल, त्याचा जानेवारीतला दर काय असेल याचा अंदाज तुम्हाला तिथंच येईल.

आता वर्षाचा हिशोब. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला. दोन गायींचं घर. कृशकाळातले १२० दिवस रोज १० लिटर, उरलेले २४५ दिवस रोज १६ लिटर. वर्षाचं दूध ५,१२० लिटर. समजा खासगी डेअरीने उन्हाळ्यात ४० रुपये दिले आणि पुष्टकाळात ३१ वर आणले. उन्हाळ्याचे ४८,००० आणि बाकीचे १,२१,५२०, मिळून १,६९,५२०. सरासरी दर लिटरला ३३ रुपये ११ पैसे. म्हणजे ४० चा दर डोळ्यात भरला, पण त्या दराने गेलं वर्षाच्या दुधाचा चौथा हिस्साही नाही. तेच दूध सोसायटीला वर्षभर ३३ रुपयांनी घातलं तर १,६८,९६० होतात, जवळजवळ तेवढेच. त्यावर कर्नाटक सरकारचं लिटरला ५ रुपये प्रोत्साहनधन धरलं तर २५,६०० आणखी. फरक इथं पडतो.

हे प्रोत्साहनधन २००८ मध्ये लिटरला २ रुपयांनी सुरू झालं, मग वाढत गेलं. ते फक्त सहकारी सोसायटीला घातलेल्या दुधावर मिळतं. तेच दूध सीमा ओलांडून गेलं की हे पाच रुपये गेले. आणि पलीकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं, ते महाराष्ट्रातल्या उत्पादकांसाठी होतं. सीमेवरचा शेतकरी अशा वेळी दोन्हीकडून कोरडा राहतो, आणि हे त्याला बिल हातात पडल्यावर कळतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे आधी सांगणारं गावात कुणी नसतं.

प्रोत्साहनधन मिळायचं असेल तर कागद आत्ताच नीट करून घ्या. सोसायटीच्या वहीत नाव ज्याचं, बँक खातं त्याचंच आणि आधारशी जोडलेलं हवं. आपल्याकडे सभासद सासरे, धारा काढणार आणि दूध घालणार सून, आणि खातं मुलाचं, असं सर्रास असतं. सासरे वारल्यावरही वर्षानुवर्षं त्यांच्याच नंबरवर दूध चालू राहतं. अशा घरांनी वारसनोंद करून घ्यावी, आणि शक्य असेल तर सभासदत्व जी बाई गोठा सांभाळते तिच्या नावावर घ्यावं. ही रक्कम दुधाच्या बिलाबरोबर येत नाही, कधीकधी महिनेच्या महिने मागे राहते. घरखर्च तिच्या भरवशावर लावू नका, पण वर्षाच्या हिशोबात ती जरूर धरा. १ एप्रिल २०२५ पासून नंदिनी दुधाचा विक्रीदर लिटरला ४ रुपयांनी वाढला आणि ती वाढ उत्पादकाला द्यायची असं सरकारने जाहीर केलं. तुमच्या सोसायटीच्या दरपत्रकात ती कधी आणि किती आली, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारा.

सगळं दूध सोसायटीलाच घाला असंही मी म्हणत नाही. म्हशीचं सात-साडेसात फॅटचं दूध असेल तर पलीकडच्या सहकारी संघाचा दर आणि दिवाळीचा फरक (वर्षभराच्या दुधावर नंतर मिळणारी जादा रक्कम) धरून ते अनेकदा जास्त परवडतं. पण तिथं तुम्ही सभासद आहात की नुसते दूध घालणारे, हे आधी पक्कं करा. फरक सभासदाला मिळतो की सगळ्यांना, किती दिवस आणि किती लिटर घातल्यावर मिळतो, हे लेखी घ्या. आपल्या सोसायटीतही उपविधीप्रमाणे किमान दिवस आणि किमान दूध भरलं तरच मताचा हक्क राहतो. उन्हाळ्यात चार महिने दूध दुसरीकडे नेलं आणि दिवाळीला परत आलात तर सचिव तोंड फिरवतो, आणि उपविधी त्याच्या बाजूने असतात. खासगीवाल्याकडून म्हैस घ्यायला उचल घेतली असेल तर ती फिटेपर्यंत दर त्याचाच चालणार. ही उचल पुष्टकाळातच फेडा. उन्हाळ्यात तुमच्या दुधाला गिऱ्हाईक वाढतं, तेव्हा मोकळं असलेलं बरं.

दर ठरला तरी तो हातात पडतो काट्यातून आणि फॅटच्या मशीनमधून. काटा १०० मिलीच्या टप्प्याने दाखवत असेल आणि वरचं सोडून देत असेल, तर ५ लिटर ८० मिली दूध ५ लिटरच लिहिलं जातं. एका वेळेला सरासरी ५० मिली गेलं धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून १०० मिली, वर्षाला ३६ लिटर. १० मिलीपर्यंत दाखवणारा काटा मागा आणि त्या काट्यावर वजनमापे खात्याचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र हवं. लिटर आणि किलोचा घोळही तपासा. १० लिटर दूध म्हणजे सुमारे १० किलो ३०० ग्रॅम. मापाने लिटर घेऊन दर किलोचा लावला, तर शेकड्याला तीन लिटर फुकट गेले.

एसएनएफचं याहून अवघड आहे. जिथं डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) बघून एसएनएफ काढतात, तिथं दोन सूत्रं वापरात आहेत. एकात डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक ०.३६. दुसऱ्यात डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४. तुमच्या दुधाची डिग्री २८ आणि फॅट ४ असेल, तर पहिल्याने एसएनएफ ८.१६ येतं, दुसऱ्याने ८.४४. दूध तेच, भांडं तेच. गायीच्या दुधाचं दरपत्रक साधारण ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून असतं आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात असते. म्हणून दोन डेअऱ्यांचे दर ताडून बघताना दरपत्रकं शेजारी ठेवून उपयोग नाही. एकाच दिवशीचं, एकाच धारेचं, नीट ढवळलेलं दूध दोन्हीकडे तपासा आणि हातात किती रुपये येतात ते बघा. पावती कन्नडमध्ये असली तरी लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम हे पाच आकडे तेच असतात. ती रोज घ्या आणि महिनाभर जपून ठेवा.

या दिवसांत फॅट उतरतो याचं एक कारण आपल्याच दावणीत असतं. पावसाळी कोवळं गवत पाण्याने भरलेलं, धाग्याला कमी. दूध वाढतं पण पातळ होतं. ज्वारीचा कडबा असेल तर कडबा, खानापूरकडे भाताचं पिंजार, रोज थोडं तरी घाला, आणि हिरव्याच्या आधी घाला. एसएनएफ उतरत असेल तर पेंडेत काटकसर झाली आहे, असं बहुतेक वेळा निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचं वाडं फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून तेच दोन्ही वेळा टाकलं जातं. वाड्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीला हे बाधतं, ती बसते, दूध तुटतं. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, अर्धी वैरण दुसरी ठेवा, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका.

व्याल्यानंतरचे पहिले पाच दिवस चीक डेअरीत घालू नका. वासराला पोटभर पाजा, उरल्यास घरी खरवस करा. चिकाचं दूध तापवताना फुटतं आणि एका किटलीने गावाचा अख्खा कॅन नासतो. कासदाह झाला म्हणून इंजेक्शन किंवा कासेत ट्यूब दिली, तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस ते दूध कुणालाच द्यायचं नाही, शेजाऱ्यालाही नाही. संध्याकाळची धार थंडीच्या दिवसांतही तासभर दारात ठेवू नका. ती जितक्या लवकर शीतकरण टाकीत जाईल तितकी टिकते.

बेळगाव शहराजवळच्या गावांना तिसरी वाट आहे, ती रतीबाची. घरोघरी म्हशीचं ताजं दूध, आणि सणाच्या तोंडावर कुंदा-खव्यासाठी हलवायांची मागणी. दर इथं सगळ्यांत चांगला मिळतो, पण उधारी तुमची, उरलेलं दूध तुमचं. यातला एक नियम बहुतेकांच्या लक्षात नसतो. जो शेतकरी नोंदणीकृत सोसायटीचा सभासद आहे आणि सगळं दूध सोसायटीलाच घालतो, त्याला अन्नसुरक्षा नोंदणी लागत नाही. त्यातलं चार लिटर जरी रतीबाला गेलं तरी ही सूट राहत नाही आणि नोंदणी करावी लागते. लहान विक्रेत्यासाठी ती ऑनलाइन होते, खर्च फारसा नाही. तपासणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत जास्त होते, त्यामुळे नोंदणी नवरात्रातच करून घ्या, आणि रतीबाचं माप शिक्क्याचंच वापरा.