मुलींसाठी नेटवर्किंगची बॅच सुरू करताय? आधी बसचं टायमिंग बघा

गेली काही वर्षं मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार मुलींच्या आणि बायकांच्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या बॅचेस घेतेय, आणि हल्ली बरेच जण विचारतात की आमच्या कॉलेजात, आमच्या महिला मंडळातर्फे असं काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी ते "मुलींना यात इंटरेस्ट नसतो" वालं वाक्य डोक्यातून काढून टाका. गावात नेट गेलं की खांद्यावर केबलचं बंडल घेऊन येतो तो दादा, कॉलेजात रॅकची, म्हणजे नेटवर्कच्या कपाटाची, चावी असते ती सरांकडे आणि सर हाक मारतात ती मुलांना, मग जिने आयुष्यात नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल येऊन जोडतात तो डबा) जवळून बघितलाच नाही तिला इंटरेस्ट कुठून येणार. आणि ज्या येतात त्या अर्ध्यावर सोडतात, त्यातली एकही माझ्यासमोर तरी अभ्यास झेपत नाही म्हणून गेलेली नाही. वेळ जमत नाही म्हणून जातात, बस नाही म्हणून जातात, आणि लॅबमध्ये हाताला काही लागतच नाही म्हणून जातात. या तिन्ही गोष्टी बॅच घेणाऱ्याच्या हातातल्या आहेत.

माझी पहिली बॅच गोव्यात फोंड्याला होती, संध्याकाळी ५ ते ७. मला सोयीचं म्हणून ठेवलेली. सत्तरी तालुक्यातल्या मुली सातला सुटून वाळपईपर्यंत कशाबशा पोचायच्या आणि तिथून आत गावात जायला बसच नसायची, मग कोणाचा भाऊ बाईक घेऊन येणार, कोणाचे वडील येणार, आणि दोन-तीन आठवडे घरच्यांनी हे केलं की चौथ्या आठवड्याला "राहू दे आता" झालंच. त्यातली एक इतकी हुशार होती की अजून आठवण आली की वाईट वाटतं. तेव्हापासून मी ॲडमिशनच्या दिवशी प्रत्येकीला एका कागदावर लिहायला लावते, घरून निघायची बस कुठली आणि घरी परत जायची शेवटची बस कुठली, कदंबाची (म्हणजे सरकारी) की खासगी, आणि बस चुकली तर काय. ते कागद समोर पसरले की बॅचची वेळ आपोआप ठरते. बहुतेक वेळा ती सकाळी साडेनऊ ते साडेबारा अशीच निघते. लग्न झालेल्या बायकांनाही तीच बरी पडते. लहान मूल असेल तर शेजारची खोली मोकळी ठेवा, दोन चटया आणि एक बघणारी मावशी एवढं पुरतं, त्यावर बऱ्याच जणींचं येणं न येणं ठरतं.

आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी बॅच सुरू करू नका. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, नेवऱ्या (करंज्या), घराची साफसफाई, पाहुणे, यात पंधरा दिवस सहज जातात आणि मध्ये गेलेला धागा परत जुळत नाही. शिवाय पावसात लाइटचा भरवसा नाही. चवथ झाली की सुरू करा, दिवाळीचे चार दिवस सोडा, मग बारावीच्या आणि कॉलेजच्या परीक्षांच्या आत आरामात संपते. जागा ठरवताना टॉयलेट स्वतः आत जाऊन बघा, पाणी आहे का, कडी लागते का. हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आता शिकवण्याचं. पहिल्याच दिवशी प्रोजेक्टर लावून नेटवर्कच्या थिअरीतले सात लेयर सुरू करायचे नाहीत. पहिल्या दिवशी केबल. प्रत्येकीला हातभर कॅट-६ (नेटवर्कची केबल), टोकाला लावायचे दोन-चार आरजे-४५ कनेक्टर आणि ते दाबून बसवायला दोघींत एक क्रिम्पिंग टूल. वरचं आवरण इंचभर सोला, आतल्या चार जोड्या उलगडा, आठ वायरी बोटांनी सरळ करा आणि रंग लावा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप खालच्या बाजूला, वायर घालायचं तोंड आपल्याकडे, म्हणजे डावीकडून पहिली पांढरी-केशरी. टोकं एका रेषेत कापा, आत सरकवा, पुढच्या प्लास्टिकमधून आठही तांब्याचे ठिपके दिसतायत का बघा, बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलंय का बघा, आणि मग दाबा. पहिले दोन कनेक्टर वाया जातात, जाऊ देत, स्वस्त असतात. तिसऱ्याला टेस्टरवर एकापासून आठपर्यंत लाइट ओळीने पेटत गेले की वर्गात जो आवाज होतो ना, त्यासाठी मी हा दिवस कधीच सोडत नाही.

इथे एक गोष्ट नक्की दाखवा. सगळ्याच जणी एकदा तरी हिरवी वायर पांढऱ्या-हिरव्याच्या शेजारी लावतात, कारण डोळ्यांना तेच बरोबर वाटतं. दोन्ही टोकांना तीच चूक झाली की साधा टेस्टर आठही लाइट दाखवतो आणि सगळं ओके वाटतं. पण तीन आणि सहा नंबरवर एकाच जोडीच्या वायरी हव्यात, पीळ असतो तो त्याचसाठी, जोडी फुटली की एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरतो आणि लांब केबलवर नेट रखडतं किंवा मध्येच तुटतं. टेस्टर हो म्हणतोय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, रंग स्वतः बघायचे. हे पहिल्या दिवशी कळलं की पुढे कामावर फार उपयोगी पडतं.

मुलं-मुली एकत्र असतील तर लॅबचा नियम कडक ठेवा. मी किती ठिकाणी बघितलंय, एका राउटरवर चौघं बसवले की कन्सोल केबल (राउटरला कमांड द्यायची) मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात, कोणी मुद्दाम करत नाही पण होतंच, आणि कोर्स संपतो तेव्हा तिचं अक्षर सुंदर आणि कमांड एकही टाइप केलेली नाही. म्हणून घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा, आणि जिचा कीबोर्ड असेल तिच्या हाताला दुसऱ्याने हात लावायचा नाही, ती अडली तर तोंडाने सांगायचं.

दुसऱ्या आठवड्यात लूप, म्हणजे केबलचं बंद वर्तुळ, दाखवा. साधा आठ पोर्टचा अनमॅनेज्ड (काही सेट न करता चालणारा) स्विच घ्या, हजाराच्या आसपास मिळतो, त्याला दोन लॅपटॉप लावा, पिंग (एका मशीनने दुसऱ्याला "आहेस का" विचारणं) चालू ठेवा, रिप्लाय येतोय हे सगळ्यांना बघू दे. मग एक पॅच कॉर्ड (छोटी तयार केबल) घेऊन तिची दोन्ही टोकं त्याच स्विचच्या दोन पोर्टमध्ये लावा. काही क्षणांत सगळे लाइट वेड्यासारखे फडफडायला लागतात आणि पिंग बंद, कारण एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला निरोप) गोल फिरत राहतो आणि त्याला थांबवणारं कोणी नसतं. केबल काढली की शांत. हा स्विच सेंटरच्या चालू नेटवर्कला जोडलेला नको, नाहीतर अख्खं ऑफिस बंद पाडाल. मग सांगा की ही अडचण सोडवणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल १९८५ मध्ये एका बाईने केला, रेडिया पर्लमन, त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या, आणि तेव्हापासून जगभरातल्या स्विचमध्ये तो चालत आलाय. त्याच तासाला पॅकेट ट्रेसरमध्ये (स्क्रीनवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) तीन स्विच त्रिकोणात जोडायला लावा, एका पोर्टचा ठिपका केशरीच राहतो, तो का राहिला ते मुलींनाच शोधू दे. नुसतं "बायकांनी पण मोठी कामं केलीत" असं भाषण दिलं तर त्या ऐकून घेतात आणि विसरतात. लाइट फडफडताना बघितल्यावर ते नाव लक्षात राहतं.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या, कॉलेजात इंग्रजीत परीक्षा दिलेल्या अशा मुली येतात. मिक्स बोला, खुशाल. शब्द आहेत तेच ठेवा, आयपी (मशीनचा पत्ता), सबनेट (नेटवर्कचा एक भाग), गेटवे, पण समजवायचं आपल्यातलं घेऊन. सबनेटिंगला सगळ्या घाबरतात, मी गावातल्या वाड्यांवर (वस्त्यांवर) समजावते. गावात २५६ घरनंबर आहेत, चार वाडे करा, प्रत्येकाला ६४. त्यातला पहिला नंबर वाड्याचाच, तो कोणाला द्यायचा नाही, शेवटचा नंबर दवंडीचा, त्यावर हाक मारली की सगळा वाडा ऐकतो, तोही द्यायचा नाही, राहिले ६२. आपल्या वाड्यात जायचं तर थेट जा, दुसऱ्या वाड्यात जायचं तर तिठ्यावरून, आणि तिठा म्हणजे गेटवे. एवढं झालं की मग स्लॅश सव्वीस, म्हणजे ६४ नंबरांचा वाडा, लिहायला कोणी घाबरत नाही.

सरावासाठी पॅकेट ट्रेसर फुकट आहे, सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचं अकाउंट काढलं की मिळतो, ही ॲकॅडमी १९९७ पासून चालू आहे आणि तिचे सुरुवातीचे काही कोर्सही ऑनलाइन फुकट आहेत. ज्यांना थिअरी खोलात हवी त्यांना एनपीटीईएल या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची नेटवर्कची लेक्चर्स आहेत, बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर फी. आयटीआयवाल्यांसाठी कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्स असा ट्रेडच आहे. पण घरी लॅपटॉप असतोच असं धरू नका, बऱ्याच जणींकडे फक्त फोन असतो. तीन-चार जुने लॅपटॉप गोळा करा आणि आठवड्याच्या बोलीवर घरी द्या. मी दिलेत, सगळे परत आलेत.

घरच्यांशी बोलणं टाळू नका. एक रविवार आई, वडील, सासू, नवरा, जो कोण येईल त्याला बोलवा. दोनच प्रश्न येतात, शिडीवर चढायला लागणार का आणि रात्रपाळी असते का. खरं सांगा. फील्डवर केबलिंग असेल तर शिडी आहे, पण ओढणी नाही, पायात बूट आणि खाली धरायला माणूस, हे आपण शिकवतो. नेटवर्क मॉनिटरिंगच्या कामात रात्रपाळी असते, तिथे ने-आण कंपनीची आहे का ते लेखी विचारायचं. हॉटेल, कॉलेज, हॉस्पिटल, वेर्णाच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या फॅक्टऱ्या, इथल्या आयटी डिपार्टमेंटमध्ये दिवसाचं काम जास्त. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिसलाही लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, हे मुलींनाही सांगा आणि ज्या कंपन्यांत पाठवताय त्यांना आधी विचारा की समितीत कोण आहे.

सीसीएनएच्या (सिस्कोच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटच्या) मागे आधीच लागू नका. परीक्षा दोन तासांची, फी तीनशे डॉलर आणि वर कर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढेच, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. घरातून एवढे पैसे मुलीच्या परीक्षेसाठी काढायला लावले आणि ती नापास झाली तर घरून दुसरी संधी मिळत नाही. आधी नोकरी, मग पगारातून परीक्षा, हे मला जास्त बरोबर वाटतं. कोणी स्पॉन्सर मिळाला तर उत्तमच, पण सराव परीक्षेत दोनदा नीट मार्क पडल्याशिवाय बसवू नका.

इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे प्रश्नोत्तरांचा कागद पाठ करणं नव्हे. मी काहीतरी बिघडवून ठेवते आणि एकेकीला आत पाठवते. खालून वर जायचं: पोर्टचा लाइट आहे का, आयपी मिळालाय का, गेटवेला पिंग जातो का, बाहेर ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) जातो का, मग साइटच्या नावाने जातो का. आणि प्रत्येक पायरीला मोठ्याने बोलायचं, कारण समोरच्याला तुझं डोकं कसं चालतं ते ऐकायचं असतं.

आमची एक मुलगी कांदोळीकडच्या एका हॉटेलात लागली. दुसऱ्याच आठवड्यात पाहुण्यांची तक्रार, वायफाय कनेक्ट होतं पण नेट नाही, आणि ते काही जणांनाच. आधीच्या माणसांनी दोनदा ॲक्सेस पॉइंट (वायफायचे डबे) बंद-चालू केलेले. हिने एका पाहुण्याचा लॅपटॉप मागून आयपी बघितला, १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीने (आलेल्या प्रत्येकाला पत्ता वाटणारी सोय) दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलेला. मग बघितलं तर पाहुण्यांसाठी सगळे मिळून अडीचशे पत्ते आणि लीज, म्हणजे एक पत्ता एकाकडे राहायची मुदत, आठ दिवसांची. पाहुणा दोन रात्री राहून जातो, त्याच्या फोनचा पत्ता आठ दिवस अडकून, सीझनमध्ये पत्ते संपणारच. तिने मॅनेजरला विचारून लीज चार तासांची केली आणि तक्रारी थांबल्या. मला फोन करून सांगत होती तेव्हा मागे किचनचा आवाज येत होता, भांड्यांचा, आणि ती ओरडून ओरडून बोलत होती. हा बिघाड आता मी प्रत्येक बॅचला लावते, फक्त दहा पत्त्यांचा पूल ठेवते आणि सगळ्यांचे फोन एकदम जोडायला सांगते.

नोकरी लागली म्हणून हात झटकू नका. पहिले सहा महिने महिन्यातून एकदा फोन करा, पगार वेळेवर येतो का, काम नेटवर्कचं देतात की नुसतं टोनर बदलायला आणि रिसेप्शनवर बसायला लावतात ते विचारा, तसं असेल तर मॅनेजरशी स्वतः बोला. आणि पुढच्या बॅचच्या केबलच्या दिवशी जुन्या मुलींना बोलवा, मी मागे उभी राहते, टूल त्यांच्या हातात देते, नव्या मुली माझ्यापेक्षा त्यांना जास्त प्रश्न विचारतात.