सहस्रचंद्रदर्शनाच्या छायाचित्रांची पूर्वतयारी

घरातल्या ज्येष्ठांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले, की गुरुजी, कार्यालय आणि आचारी यांच्या पाठोपाठ छायाचित्रकाराचे नाव यादीत चढते आणि छायाचित्रांची तयारी तेवढ्यावरच थांबते. हजार पौर्णिमा पाहायला जवळजवळ ८१ वर्षे लागतात. त्या निमित्ताने जमलेले कुटुंब छायाचित्रात अवघडलेले दिसू नये, यासाठी थोडी तयारी आठ दिवस आधीपासून करावी असे मला कळकळीने वाटते.

सर्वप्रथम वेळ ठरवावी. आमच्याकडे जेवणे उरकल्यावर दुपारी एक वाजता सगळ्यांना कार्यालयाच्या गच्चीवर उभे केले होते. ऊन डोक्यावर, प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळी सावली, आणि आजोबांचे डोळे तर एकाही छायाचित्रात पुरते उघडे नाहीत. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचार ते साडेपाच हा तास राखून ठेवावा. मात्र आजोबांची वामकुक्षी आणि घरातल्या सर्वांत लहान बाळाची झोप आधी विचारात घ्यावी; ही दोघे ताजीतवानी असतील ती वेळ खरी, मग ती सकाळी साडेआठची असली तरी चालेल.

जागेसाठी फार लांब जाऊ नये. पर्वती कितीही आवडती असली, तरी शंभरावर पायऱ्या चढून आलेले गुडघे चेहऱ्यावर दिसतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यांच्या आवारात छान सावली मिळते, पण ते संरक्षित स्मारक असल्याने तिपाई लावायची तर परवानगीची चौकशी आधी करावी. महापालिकेच्या उद्यानांतही तीच काळजी घ्यावी. माझे मत विचाराल, तर स्वतःच्या घराची ओसरी किंवा खिडकीजवळची बैठक सर्वांत उत्तम, कारण तिथे बसायचे कसे हे कुणाला शिकवावे लागत नाही.

नवे कपडे त्याच दिवशी प्रथम अंगावर चढवू नयेत. नऊवारीची सवय नसलेल्या सुनांनी ती आदल्या दिवशी तासभर नेसून घरात वावरावे, म्हणजे हात सारखा निऱ्यांकडे जाणार नाही. जरीवर आणि चष्म्याच्या काचांवर समोरून फ्लॅश मारल्यास पांढरे डाग पडतात, हे छायाचित्रकाराला आठवणीने सांगावे. चष्मा मात्र काढायला लावू नये, कारण नातवंडांनी आजोबांना चष्म्याशिवाय क्वचितच पाहिलेले असते.

आता मुख्य गोष्ट हातांची. माणूस अवघडतो तो हातांपासून: ते दोन्ही बाजूंना लोंबकळत राहतात, मग खांदे वर चढतात आणि मान ताठ होते. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चित्र उमटायला काही मिनिटेही लागत, तेव्हा निश्चल बसणे भाग होते. ती सक्ती केव्हाच संपली, पण आपण अजून श्वास रोखून उभे राहतो. म्हणून प्रत्येक हाताला काम द्यावे. आजीसमोर मटारच्या शेंगांची परात ठेवावी आणि शेजारी नातीला बसवावे. शेंग अंगठ्याने दाबून उकलताना आजीचे लक्ष कॅमेऱ्यावरून आपोआप उडते, नातीने दाणे तोंडात टाकले की ती खोटे खोटे रागावते, आणि त्या क्षणी टिपलेला चेहरा आपल्या रोजच्या आजीचा असतो. आजोबांच्या फेट्याचा शेमला मुलाने नीट करावा, सुनेने सासूबाईंच्या अंबाड्यात गजरा माळावा, जावयाने लहानग्याला खांद्यावर घ्यावे. उभे राहायचेच असेल तर वजन एका पायावर टाकावे आणि खांद्याला खांदा लागेल इतके जवळ सरकावे. लांबच्या नातलगांनी संकोचाने सोडलेली वीतभर जागा छायाचित्रात हातभर दिसते.

हसण्यासाठी ‘स्माईल प्लीज’ म्हणणे टाळावे. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते. सांगून आणलेले हसू बहुधा ओठांवरच थांबते. त्याऐवजी घरातल्या बोलक्या आत्याला कॅमेऱ्याच्या शेजारी उभे करावे आणि आजोबांची एखादी जुनी फजिती त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी.

छायाचित्रकाराला कोणाकोणाचे गट हवेत ते कागदावर लिहून द्यावे आणि आजी-आजोबा असलेले गट आधी उरकून त्यांना खुर्चीत बसू द्यावे. मोबाइलवर टिपणार असाल तर दोन पावले मागे जावे, कारण रुंद भिंगात कडेची माणसे ताणलेली दिसतात. मोठ्या गटाची किमान दहा-बारा छायाचित्रे लागोपाठ घ्यावीत, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांची चिंता उरत नाही. शेवटी ‘झालं’ असे मोठ्याने जाहीर करावे आणि कॅमेरा मात्र आणखी दोन मिनिटे चालू ठेवण्यास छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवावे. त्याच दोन मिनिटांत आजोबा फेटा उतरवून नातवाच्या डोक्यावर ठेवतात.