सड्याला पडीक म्हणण्याआधी: या चुका टाळा

मे महिन्यात कोकणात राजापूरच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उभं राहिलं की तापलेला जांभा आणि करपलेलं गवत, एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, असतो. गावाला रस्ता, बाग किंवा चिरेखाण हवी असली की बोट आधी तिकडेच जातं. बहुतेक चुका इथून सुरू होतात.

उन्हाळ्यात बघून ठरवणं

सड्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिल्या सरींनी खळगे भरतात, बेडूक बोलू लागतात. श्रावण-भाद्रपदात गेंद, सीतेची आसवं आणि दवबिंदू या रानफुलांनी कातळ झाकला जातो. पहिल्या पावसानंतर, गणपतीच्या सुमारास आणि दिवाळीआधी, अशा किमान तीन फेऱ्या मारल्याशिवाय सड्याची नोंद पुरी समजू नका.

फक्त प्रजाती मोजणं

ही चूक अभ्यासू माणसंही करतात. फुलांची यादी लांबलचक होते, पण ती फुलं कशावर उभी आहेत याची एक ओळही नसते. आधी जमीन वाचा. एकाच सड्यावर उघडा कातळ, बोटभर मातीचे पट्टे, पाणी धरणारे खळगे, भेगा, सुटे दगड आणि कड्याची धार असते. ही झाली भूविविधता, आणि तिच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचे रहिवासी आहेत. सुट्या दगडांखाली फुरसं, विंचू आणि कोकणच्या सड्यांवरची पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल राहते. 2009 मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेला आंबोलीचा भेक (बेडकाचा एक प्रकार) जांभ्यावरच्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, बांधायला सगळे दगड वेचले, तर झाड न तोडताही घरं मोडतात.

सगळा वापर एकाच मापाने तोलणं

'माणसाचा हात लागला की निसर्ग संपला' हे खरं नाही, आणि 'थोडंफार चालतंच' हेही नाही. वापर किती खोल जातो ते बघा. पावसाळ्यात गुरं चरतात, खोलगट भागात थोडं भात होतं. कातळ तसाच राहतो. सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरची माती टाकून कलमं लावली, खत घातलं, की गोष्ट वेगळी. सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडतात ते जमिनीत पोषण नसतं म्हणून. पोषण वाढलं की उंच गवत येतं आणि या चिमुकल्या झाडांना जागा उरत नाही. चिरेखाण तर जमीनच उचलून नेते. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तेव्हा हा जांभा झाला. तो परत लावता येत नाही.

म्हणून मी एकच प्रश्न विचारते: हा वापर उद्या थांबवला, तर काही पावसाळ्यांत जागा सावरेल का? चराईबाबत उत्तर बहुधा 'हो' आहे, खाणीबाबत 'नाही'.

उलट टोकाची चूकही होते. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग झालं. तिथे कुंपण घालून चराई रोखली, तेव्हा गवत माजून फुलं कमी झाल्याची तक्रार स्थानिकांनीच केली. गुरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांना हटवण्याआधी गुराख्यांना विचारा.

'ओसाड' म्हणून झाडं लावणं

करू नका. उघडेपणा हाच सड्याचा अधिवास आहे. रोपं लावायचीच असतील तर गावठाणात, रस्त्याकडेला लावा.

चूक झालीच असेल तर

रस्त्याच्या खालच्या बाजूला डबकी लवकर आटत असतील, तर भरावाने कातळावरून वाहणारं पातळ पाणी अडवलेलं असतं. पुढच्या पावसाआधी भरावात मोऱ्या घाला. वेचलेले दगड अजून ढिगात असतील तर ते विखरून परत टाका, दगडावर दगड न रचता; खाली सपाट फट राहिली पाहिजे. टाकलेली माती पहिला पाऊस पडायच्या आत उचला, नंतर ती खळग्यांत जाऊन बसते. बंद खाणीत पाणी साचून बेडूक आले, तरी त्याला सडा परत आला असं लिहू नका. खोल पाण्याचे रहिवासी निराळे. नोंदवहीत त्यांचं पान वेगळं ठेवा.