गोव्याच्या दमट हवेत घरच्या संगणकाची निगा कशी राखावी

संगणकाच्या देखभालीविषयी लिहिताना बहुधा धूळ आणि उष्णता यांचाच विचार होतो. गोव्यात मात्र या दोहोंच्या जोडीला ओल असते आणि अधिक हानी तीच करते. साधे मीठ ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतील पाणी शोषून विरघळू लागते आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे मिरामार, कळंगूट किंवा कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत संगणकात साचलेली खारी धूळ ओलसर होते, तिच्यातून नको तिथे सूक्ष्म वीजप्रवाह वाहू लागतो आणि धातूचे जोड गंजतात. डिचोली, सांगे या खाणपट्ट्यात खार कमी असला तरी बारीक तांबडी धूळ पंख्यांत घट्ट बसते. म्हणून संगणक उघडून करायची मोठी सफाई मे महिन्यातच, पहिल्या पावसाआधी उरकावी.

सफाईसाठी संगणक रीतसर बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे, सर्व तारा काढाव्यात आणि संगणकाचे चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार बराचसा निघून जातो. कॅबिनेट पडवीत किंवा गॅलरीत, कोरड्या जागी नेऊन बाजूचा पत्रा काढावा. आतील भागांना हात लावण्यापूर्वी आणि मधूनमधूनही कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा, कारण शरीरावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करावी आणि ब्लोअरने बाहेर उडवावी. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने रोखून धरावीत, नाहीतर पंखा वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. घर झाडण्याचा व्हॅक्यूम क्लीनर येथे वापरू नये, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरी कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, तार काढल्यानंतरही धोकादायक विद्युतदाब धरून ठेवतात.

पावसाळ्यात संगणक चालू केल्यावर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अनेकदा तिचे कारण रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर जमलेला थर एवढेच असते. वर सांगितल्याप्रमाणे वीज तोडून, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून रॅम काढावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण सुकल्यावर खिट्ट्यांचा आवाज येईपर्यंत रॅम परत बसवावी. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास दिसते; तिने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो, म्हणून ती टाळलेली बरी.

कॅबिनेट बंद करताना मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या आहेत याची खात्री करावी, कारण उबेसाठी मुंग्या आणि पाली तिथूनच आत शिरतात. हवा येण्याजाण्याच्या जाळ्या मात्र झाकू नयेत. पावसात चिऱ्याच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. कॅबिनेट अशा भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे. चतुर्थीपूर्वी घरात घासकाम आणि रंगकाम निघते, तेव्हा संगणक बंद करून पूर्ण झाकावा आणि आवरण काढल्याशिवाय चालू करू नये.

ओलीच्या भीतीने पावसाळाभर संगणक बंद ठेवणे मला अगदी चुकीचे वाटते. चालू संगणकाच्या उष्णतेने आतील हवेची सापेक्ष आर्द्रता घटते, म्हणून काम नसले तरी तो रोज तासभर चालवावा. वातानुकूलित कचेरीतून आणलेला लॅपटॉप मात्र बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्यावा. थंड यंत्रावर बाहेरच्या दमट हवेतील पाण्याचे थेंब जमतात.

विजेच्या बाबतीत हयगय नको. मे महिन्यातील वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये मान्सून परतताना गडगडाट अधिक होतो, आणि जवळ पडलेल्या विजेपासून यूपीएस किंवा सर्ज प्रोटेक्टर खात्रीचे संरक्षण देऊ शकत नाही. आकाश भरून येताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी प्लग काढावा आणि राउटरकडून येणारी तांब्याची लॅन केबलही सोडवावी. फायबरच्या काचेतून वीज वाहत नसली तरी राउटर घरच्या विजेवरच चालतो. घरातील अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. यूपीएसची बॅटरी साधारण तीन ते चार वर्षे टिकते. वीज जाताच संगणक बंद पडू लागला तर प्रथम तीच तपासून घ्यावी.

आतील प्रणालीची कामे त्या मानाने सोपी आहेत. टास्क मॅनेजर उघडून, सुरुवातीला आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत आणि डिस्कचा निदान दहावा हिस्सा मोकळा ठेवावा. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे ज्यांचा संगणक विंडोज ११ चालवू शकतो त्यांनी बदल लांबवू नये. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला डीफ्रॅगमेंटचा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचा, उपयोग होतो. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, ते मुद्दाम चालवू नये.

एवढे करूनही डिस्क एखाद्या दिवशी बंद पडू शकते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे. बाहेरची डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. चालत्या कॅबिनेटमध्ये मात्र अशा पुड्यांचा उपयोग नाही, कारण तिथे बाहेरची हवा सतत येत राहते. दर महिन्याला प्रत अद्ययावत केल्यावर त्या डिस्कवरील दोन-चार फाइली, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहाव्यात आणि मगच डबा बंद करावा.