दादरचे फलाट आणि विसरणारं नेटवर्क
डिसेंबर 2023 मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलून 8 ते 14 झाले. नवे आकडे पाठ झाले तरी जुने डोक्यातून गेले नाहीत. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्याला, हे जमतं का, ते तपासा.

इनपुट: गाडी आणि क्रमांक 'जुना की नवा'. मध्ये 30 युनिट (जाळ्यातल्या गाठी). आउटपुट: फलाट. सुरुवातीचे वेट (युनिटमधल्या जोडण्यांची ताकद) शून्य नकोत. नाहीतर मधली सगळी युनिट एकसारखीच शिकतात. आधी जुनी यादी शिकवा, मग फक्त नवी. जुनी पुसली जाईल. मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी 1989 मध्ये दाखवलेला दोष हाच.

आता दोन्ही मिसळून शिकवा. मेंदूत ही उजळणी हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी झटपट टिपणारा भाग, करून घेतो, असं 1995 चा सिद्धांत सांगतो. म्हणून नेटवर्कलाही तसाच झटपट टिपणारा वेगळा भाग जोडा, मग तो बंद करून चुका हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या चुकांशी ताडा. सुरुवातीचे वेट बदलून निदान 20 वेगळ्या सुरुवाती घ्या. एकाच धावेत योगायोगही सिद्धांतासारखा दिसतो.