चतुर्थीआधी गावचं घर साफ करायला जाताय? फडकी मोजून घ्या

झाडू, साबण, बादल्या, रबरी हातमोजे हे कोणी सांगायला नको. फडकी मात्र मोजून घ्या. बारा. मागच्या खेपेला मी दोन घेऊन गेलो होतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी रात्रभर गाडीतून आलेला पुतण्या पडवीत ओकला. हाताशी आलं त्या फडक्याने मी पुसलं, मोरीत नळाखाली खळखळून धुतलं, घट्ट पिळलं, आणि तासाभराने त्याच फडक्याने ओटा पुसून काढला. दिसायला स्वच्छ होतं हो! ऋषिपंचमीला घरातली नऊ माणसं आडवी. ऋषीची भाजी चिरलेली तशीच परातीत, आणि दीड दिवसाचा बाप्पा पोचवायला शेजारच्या पोरांना हाक मारावी लागली. सगळे विहिरीच्या पाण्याला नावं ठेवत होते. डॉक्टरांनी एकच विचारलं, "ओकारी कशाने पुसलीत?"

तर फडकी. संडास-न्हाणीची वेगळी, जमिनीची वेगळी, ओट्याची वेगळी. जुन्या लुंगीची फाडलीत तर सगळी सारखीच दिसतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही, म्हणून संडासाची लालच घ्या, दुसऱ्या कामाला लाल नकोच. ओकारी किंवा जुलाब पुसायला कागद नाहीतर टाकून द्यायची चिंधी. ती धुवायची नाही, पिशवीत गाठ मारून टाकायची.

घर उघडलंत की आधी खिडक्या. अर्धा तास बाहेर बसा, चहा घ्या. माळ्यावर आणि वळईत उंदराच्या लेंड्या असणारच, त्यावर सुका झाडू मारलात तर ती सगळी धूळ नाकात जाते. ब्लीचचं पाणी शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. हातात मोजे, पायात गमबूट. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, त्याचे जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटल्या जागेतून आत शिरतात. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो काय करतो ते शेतावर जाणाऱ्यांना विचारा. अनवाणी मिरवू नका.

ब्लीच कोणतं? फडताळातला गेल्या वर्षीचा टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा डबा या दमट हवेत मेलेला असतो. गठ्ठे झालेत, वास उडालाय, तर त्यावर भरवसा नको. बाटलीतलं 5 टक्क्यांचं घ्या, तारीख बघून. साध्या पुसण्याला लिटरभर पाण्यात 20 मिली, ओकारी-जुलाबाच्या जागी 100 मिली. रोजचं रोज करा, शिळं चालत नाही. आणि आधी साबणाने मळ काढा, मळावर ब्लीच ओतणं म्हणजे पैसे ओतणं. ओतल्याबरोबर पुसायचंही नाही. दहा मिनिटं ओलं राहू द्या. ते घाईत कोणी करत नाही, मीही करत नव्हतो.

संडासाच्या ॲसिडात ब्लीच कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीला खिडकी हातभर. एका दिवशी एकच वापरा.

क्रम: वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे. देवघर, माजघर, स्वयंपाकघर, मग पडवी, शेवटी न्हाणी-संडास. उलटं गेलात तर संडास घरभर फिरवून आणलात असं समजा. कड्या, स्विच, नळाच्या चाव्या, फ्रीजचं हँडल यांना सगळ्यांचे हात लागतात आणि पुसत कोणीच नाही. पुसा. सॅनिटायझर खिशात आहे म्हणून निवांत राहू नका, उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंना तो फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद.

पुन्हा फडकी, कारण भाद्रपदात वाळत घातलेलं काही वाळत नाही. दांडीवर दोन दिवस ओलं राहिलेलं फडकं आंबूस वासाचं झालं की ते पुसत नाही, जंतू सारवतं. संध्याकाळी ओट्याची फडकी साबणाने धुऊन पाच-दहा मिनिटं खळखळ उकळा आणि चुलीच्या वरच्या दोरीवर टाका. चूल नसेल तर इस्त्री फिरवा. तेही जमत नसेल तर रोज नवीन काढा, बारा त्यासाठीच सांगितली. लालला वेगळं पातेलं. त्यात पुन्हा भात शिजवू नका, आमच्याकडे वहिनी शिजवणारच होती.

बाकी काय, पिण्याचं पाणी उकळून. कोणाला उलट्या झाल्या असतील तर थांबल्यावरही दोन दिवस त्याला मोदक वळायला बसवू नका, कितीही सुबक वळत असला तरी. मोजे उलटे करून काढा, मग हात धुवा. बादल्या पालथ्या. निघताना फडकी मोजा, एक कमी भरलं तर ते कोणीतरी ओट्यावर ठेवलंय.