एका पगारावर घर चालेल का? राजीनामा टाकायच्या आधी सहा महिने तालीम करा

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा आमच्याकडे रोज रात्री जेवताना एकच विषय, मी जॉब सोडायचा का. आणि हिशोब कसा, तर माझ्या हातात येतात 38 हजार, त्यातून पाळणाघर 9, पोळ्यांच्या मावशी 5, लोकलचा पास नि रिक्षा मिळून 3, उरले 21, एवढ्यासाठी कशाला जिवाचा आटापिटा. सोडला. सव्वातीन वर्षांनी परत लागले. आता मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते, आम्ही कुठे चुकलो आणि तुम्ही काय करा.

पहिलं म्हणजे पाळणाघराचे पैसे एकट्या आईच्या पगारातून वजा करायचे नाहीत. बाबाही ऑफिसला जाऊ शकतात ते पाळणाघर आहे म्हणूनच ना? वर दोघांचे पगार लिहा, खाली घरचा सगळा खर्च, मग बघा.

दुसरं, हातात येतो तेवढाच पगार नसतो. बेसिकच्या 12 टक्के तुमचा पीएफ कापला जातो, कंपनीही तेवढेच टाकते, त्यातला काही भाग पेन्शनला जातो आणि ती पेन्शन मिळायला नोकरीची 10 वर्षं लागतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते त्या पैशांना, साधारण 5 वर्षं. मी साडेचार वर्षांवर सोडला, नुसता उतावीळपणा!! तुमचे थोडेच महिने राहिले असतील तर कळ काढा. टॅक्सचंही बघा, आपल्याकडे नवरा-बायकोचा टॅक्स वेगवेगळा लागतो, 2025-26 च्या नव्या रिजिमने दोघांना वर्षाला 12-12 लाख पगार असेल तर टॅक्स शून्य, आणि तेच 24 लाख एकट्याचे असतील तर जवळपास 2 लाख 90 हजार जातात.

आता तालीम. ज्याचा जॉब सुटणार आहे त्याचा (हो, बाबाही सोडू शकतात) अख्खा पगार एक तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका आणि त्याचं कार्ड कपाटात. पाळणाघर, पास वगैरे जे नंतर राहणारच नाही तेवढंच त्यातून द्या, बाकी घर दुसऱ्या पगारात. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो ना, तिथेच रोज रात्री खर्च लिहायचा, ॲप-बिप नको, दोघांच्या डोळ्यासमोर राहिलं पाहिजे. आम्ही हे केलं पण जानेवारी ते मार्च, सगळं छान जमलं आणि आम्ही खूश. मग जून आला. प्लेग्रुपची फी, रेनकोट, सोसायटीचं गळतीचं काम, पाठोपाठ गणपतीला गावी जाणं, एका महिन्याच्या पानावर तर मार्जिनमध्ये पण जागा उरली नाही. म्हणून सहा महिने, आणि त्यात जून नि गणपती आलेच पाहिजेत. जमलं तर त्या वेगळ्या खात्यात आपोआप अडीअडचणीचा फंड तयार होतो. नाही जमलं तर काय, अजून नोकरी आहेच.

होम लोन दोघांच्या पगारावर काढलंय आणि ईएमआय एका पगाराच्या निम्म्याला टेकतोय तर माझं मत, सोडू नका. सोडायचंच असेल तर कमावणाऱ्याचा टर्म इन्शुरन्स आणि घरचा स्वतःचा मेडिक्लेम राजीनाम्याच्या आधी. ज्याची नोकरी जाते त्याच्या कंपनीचा मेडिक्लेमही जातो.

मधला रस्ता पण विचारून घ्या. पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे पगारी रजा मिळते हे सगळ्यांना माहितीये, पण ऑफिसात 50 किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं, हे आमच्या एचआरने कधी तोंडातून काढलं नाही. मेलवर विचारा, तोंडी नको. आजी-आजोबांना मात्र गृहीत धरू नका. सासूबाईंचे गुडघे आणि माझी पोरगी, मॅच एकतर्फी होती.

आणि घरी राहणाऱ्याच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सोय पहिल्याच महिन्यात करा. मी केली नव्हती. भाजीवाल्यासमोर उभं राहून नवऱ्याला फोन, जरा 500 पाठव ना, तो मीटिंगमध्ये, आणि भाजीवाला पिशवी हातात धरून माझ्याकडे बघतोय.